गाळलेलं पान

रविवार, १२ मार्च २०२३
हिकरी लिक, केंटकी

लाडक्या रोवी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच शेगडीत टाकलं नाहीस, असं धरून चालतो. तेरा महिने झाले. तुझा पत्ता मला ठाऊक नाही आणि मी तो विचारणारही नाही. हे डेटनला ओफाकडे पाठवतोय, ती पुढे धाडेल. "पत्र पोचवीन, पण तुझी वकिली करणार नाही," असं तुझ्या आत्याने फोनवर आधीच बजावलंय. माझीच बहीण, पण बोलते कशी, तर माझ्या मोठ्या भावासारखी.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो. दुकान चालू आहे, पण लोक बंदुका दुरुस्तीला आणतात त्यापेक्षा गप्पाच जास्त आणतात. टेसी सात वर्षांची झाली असेल. तिचा पुढचा दात पडला का?

एक बातमी आहे. तुला आवडेल की नाही, ठाऊक नाही. पण ज्या बापाला तू सातवी नापास म्हणून चिडवायचीस, त्याचं नाव सरकारी न्यायाधीशांच्या निकालात छापून आलंय. पान एकोणीसवर. "स्थानिक इतिहासाचे अभ्यासक श्री. हायरम स्टँपर" असं लिहिलंय. मी तीनदा वाचलं, मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

झालं असं. गेल्या शरदात वेदर्बी नावाचे वकील दुकानात आले. बायकोच्या तक्रारीवरून बंदूक काढून घेतलेल्या, पलीकडच्या जिल्ह्यातल्या कुणा माणसाचा खटला ते लढवत होते. वॉशिंग्टनच्या मोठ्या न्यायालयाने आता असं ठरवलंय की बंदुकीवर बंधन घालणारा कायदा टिकायचा असेल, तर घटना लिहिणाऱ्यांच्या काळातही तशा प्रकारचं बंधन होतं, हे दाखवता यायला हवं. म्हणजे सगळे वकील आता जुन्या वह्या उपसायला लागलेत! आणि आपल्या जिल्हा कचेरीच्या तळघरातल्या वह्या माझ्याएवढ्या कुणी वाचल्यात? सोळा वर्षं मी दर मंगळवारी तिथे बसलो. तुझ्या आईने माझं सगळं टिपण टाइप करून त्याचं पुस्तक केलं. वेदर्बींनी ते पुस्तक पानन् पान चाळलं आणि विचारलं, "त्या काळी इथे कुणाची बंदूक घरातल्या भांडणापायी काढून घेतल्याचं सापडतं का?" मी नाही म्हणालो. त्यांनी तसं शपथपत्र केलं, मी सही ठोकली.

सोमवारी निकाल लागला: तशी बंदूक काढून घेणारा कायदा टिकत नाही. मंगळवारी नाष्ट्याच्या हॉटेलात शिरलो तर सगळे उठून उभे राहिले. "या न्यायमूर्ती, या! आज बिस्किटांवर ग्रेव्ही घटनेप्रमाणे वाढायची का?" मी म्हटलं, "बंदुकीचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या दुरुस्तीप्रमाणे वाढ, म्हणजे कुणी हात लावायचा नाही." फार हसले सगळे.

तू म्हणशील, बाबा, त्या निकालाने काय झालं? तर आपल्यापुरतं काही नाही. तो दुसऱ्याच माणसाचा खटला आहे. कोल्बीचं पिस्तूल माझ्या तिजोरीत आहे. न्यायाधीशबाईंनी तुझ्या संरक्षणाचा आदेश दिला तेव्हा ते कुणातरी विश्वासू माणसाकडे ठेवायचं होतं आणि कोल्बीने माझं नाव सांगितलं. त्यावरून तू मला जे बोललीस ते मी विसरलो नाही. "माझा बाप माझ्या नवऱ्याचा खजिनदार झाला." पण मी म्हणतो, दुसऱ्या कुणाच्या तिजोरीत असण्यापेक्षा माझ्या तिजोरीत बरं नव्हे का?

तो कधीमधी रविवारी येतो. छपराची पन्हळ त्याने नीट करून दिली. तुझं नाव काढत नाही. मीही काढत नाही.

दोन ओळी लिहिल्यास तर म्हातारा खुश होईल.

तुझा बाप


सोमवार, २७ मार्च

रोवी बाळ,

तुझी चिठ्ठी आली. चिठ्ठी कसली, चार शब्द! "पिस्तूल दिलंत का त्याला?" बास. पण ती टेसीच्या चित्रामागे लिहिलीस हे तुझे उपकार. पिवळं घर, निळं कुत्रं आणि कुत्र्याहून मोठी टेसी. दात पडलेला दाखवलाय, म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ते चित्र मी दुकानात कामाच्या टेबलावर भिंतीला लावलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

तू विचारलंस म्हणून कायद्याचं सांगतो. त्या निकालानंतर आपल्या जिल्ह्यातही तीन-चार जणांनी अर्ज केले की आमच्या आदेशातलं बंदुकीचं कलम काढा. न्यायाधीशबाईंनी ते काढलं. त्यांचाही इलाज नव्हता. वरून निकाल आला की खालच्याला मान डोलवावी लागते. पण आदेश उभाच आहे. कोल्बीने तुझ्याजवळ यायचं नाही, फोन करायचा नाही, हे सगळं जसंच्या तसं. फक्त तेवढं एक कलम गेलं. बाकी कागद शाबूत आहे हे तू लक्षात ठेव.

पिस्तूल माझ्या तिजोरीत होतं हे तुला ठाऊकच आहे. तू त्याची काळजी करू नकोस.

इकडे रानकांदा उगवलाय. काल बटाट्यांबरोबर परतून खाल्ला आणि दुकानात कुणी जवळ उभं राहीना. तुझ्या आईला त्या वासाचा किती राग यायचा!

थंडी अजून आहे. टेसीला लोकरीची टोपी घालत जा.

तुझा बाप


बुधवार, ५ एप्रिल

रोवी,

मागच्या पत्रात "होतं" असं लिहिलं होतं. तुझ्या नजरेतून ते सुटलं नसेल. तुझ्या लहानपणी मी मक्याच्या शेतातली वाट चुकलो की तू मागून म्हणायचीस, "बाबा, तुमचा आवाज बदलला, आपण हरवलोय." तसा माझा आवाज तुला कागदावरही कळला असणार. मग आता सरळच सांगतो. ते पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी मी त्याला पिस्तूल दिलं.

रविवारी दुपारी आला. हातात न्यायालयाचा कागद आणि माझी पिवळी चिठ्ठी. तुला आठवते ती चिठ्ठी: अर्धी बंदुकीला बांधायची, अर्धी मालकाच्या हातात द्यायची. ज्याच्या हातात अर्धी चिठ्ठी त्याची बंदूक, मग तो बरा असो की वाईट, शेजारी असो की चोर. एक्केचाळीस वर्षांत मी कुणाला चिठ्ठी असताना परत लावलेलं नाही. माझ्याकडे शिक्षण नव्हतं, जमीन नव्हती. गावात मान होता तो या एका गोष्टीचा.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही नसता तर हा कागद मला मिळाला नसता. मी लोकांना सांगतो, माझे सासरे म्हणजे अख्खी लायब्ररी."

"मी तुझ्यासाठी नाही केलं ते."

"नसेल. पण पाऊस काही नाव विचारून पडत नाही. आम्हीही भिजलोच की." आणि हसला. तुला त्याचं हसू ठाऊक आहे. त्या हसण्यावर तर तू भाळली होतीस, आणि मीही.

मी म्हटलं, "कोल्बी, ते इथेच राहू दे. तुला काय अडलंय?"

"अडलं काही नाही. माझं आहे, एवढंच. निकालात तेच तर म्हटलंय ना? की कारण सांगायची गरज नाही." मग चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि बोटाने हळूच माझ्याकडे सरकवली. "की तुमच्या दुकानाला निकाल लागू नाही?"

मी तिजोरी उघडली. उघडताना आकडे चुकलो, दोनदा. पिस्तूल तेल लावून, कापडात गुंडाळून दिलं, जसं कुणालाही देतो तसं. दरवाजापर्यंत पोचवायला गेलो. रोवी, मी त्याला "जपून जा" म्हणालो.

तुझा जबडा सुजला होता त्या दिवशी तू माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलंस की तो जेवताना पिस्तूल टेबलावर ठेवतो. मिठाच्या बाटलीशेजारी. काही बोलत नाही, बंदूक दाखवतही नाही, फक्त "मीठ दे" म्हणतो, आणि तुला मीठ उचलायला तिथे हात न्यावा लागतो. मी काय म्हणालो? "कोल्बी मनाने वाईट नाही. विजेच्या तारांवर चढायचं काम, डोकं तापतं." तू कॉफी अर्धी टाकून उठलीस. तो कप मी संध्याकाळपर्यंत उचलला नाही. एवढंच माझ्या हातून झालं.

शिव्या द्यायच्या असतील तर दे. पण उत्तर दे.

बाबा


रविवार, १६ एप्रिल

रोवी,

तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर केलंस. आज मी चर्चला गेलो नाही. जे सांगायचं ते आधी तुला सांगावं, मग देवाला, असं वाटलं.

वेदर्बींना मी "नाही" म्हणालो ते खोटं होतं.

कचेरीसमोर जेबेझ स्टँपरच्या नावाची पितळी पाटी आहे. लहानपणी तू तिच्या चौथऱ्यावर चढून बसायचीस. आपला मूळपुरुष, लांब नळीच्या रायफली घडवणारा, ज्याच्या हातची एक रायफल अजून काचेच्या कपाटात आहे. शाळेत मला सगळे ढ म्हणत, तेव्हा मी मनात म्हणायचो, मी जेबेझचा आहे. त्याच्यामुळे मी या धंद्यात आलो आणि त्याच्यामुळेच त्या तळघरात उतरलो.

आणि तिथे, १७९८ सालच्या वहीत, पान एकशे बारावर तो मला सापडला. शब्द मला पाठ आहेत. "कॅझाया स्टँपर हिने शपथेवर सांगितले की नवरा जेबेझ याच्यापासून तिला जिवाचे भय आहे. सबब, त्याने वर्षभर शांततेने वागावे यासाठी दोन शेजाऱ्यांनी हमी द्यावी; आणि त्याची बंदूक वर्ष संपेपर्यंत स्क्वायर पोग यांच्या घरी राहावी."

स्क्वायर पोग म्हणजे त्या वेळचे गावचे न्यायाधीश. म्हणजे बघ: घटना लिहिणारे अजून जिवंत असताना आपल्या या डोंगरात एका न्यायाधीशाने एका माणसाची बंदूक बायकोच्या जिवासाठी काढून घेतली होती. वेदर्बींनी नेमकं हेच विचारलं होतं.

मी ते पान टिपलं होतं. तुझ्या आईकडे टाइप करायला दिलेल्या गठ्ठ्यातही ते होतं. मग मी ते काढून घेतलं. ती म्हणाली, "एकशे अकरानंतर एकदम एकशे तेरा?"

मी म्हटलं, "आपल्याच खापरपणजोबांची धुणी चव्हाट्यावर कशाला धुवायची?"

ती म्हणाली, "खापरपणजीची पण आहेत ती." आणि पुढचं पान टाइप करायला घेतलं. त्यावर पुन्हा कधी बोलली नाही.

पुस्तक छापलं, पाटीला हार घातले, मी भाषण केलं. वेदर्बी आले तेव्हा सांगता आलं असतं. मी स्वतःला समजावलं की त्यांनी "कायदा" विचारलाय आणि हा तर नुसता एक आदेश आहे. बघितलंस? शिक्षण नाही, पण पळवाट कशी वकिलासारखी काढली.

अजून एक. शुक्रवारी तळघरात जाऊन मी पुढच्या वह्या चाळल्या. वर्ष संपल्यावर बंदूक परत दिल्याची नोंद आहे. त्यानंतर कॅझायाला आणखी तीन मुलं झाली. सगळ्यांत धाकटा तो आपल्या वंशाचा. ती ब्याऐंशी वर्षांची होऊन गेली. बंदूक ते वर्षभर पोगच्या घरी नसती तर काय झालं असतं कोण जाणे, पण मी आणि तू, आपण दोघंही बहुधा नसतो.

उद्या सकाळी वेदर्बींकडे जातोय. जे मी गाळलं ते परत घालायचा प्रयत्न करतो.

बाबा


बुधवार, ३ मे

रोवी,

ओफाकडून कळलं की तुझ्यापर्यंत पत्रं पोचतात आणि तू ती फाडत नाहीस. एवढ्यावर माझे चार दिवस गेले.

वेदर्बी सज्जन माणूस आहे. कॉफी दिली, ऐकून घेतलं. मग म्हणाले, "श्री. स्टँपर, मी तुम्हाला शपथेवर विचारलं होतं." मी म्हटलं, म्हणूनच आलो. ते म्हणाले, त्यांना हे न्यायालयाला कळवावंच लागेल. पण एका जिल्ह्यातल्या एका नोंदीने निकाल फिरत नाही. निकाल दिलेला आहे. सरकारी बाजू वर गेली आहे, तिकडे सांगा. सरकारी वकील म्हणजे एक तरुण बाई. तिने पान एकशे बाराची छायाप्रत घेतली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "हे आम्ही अपिलात जोडू." मी विचारलं, किती दिवस लागतील? "वर्ष. दीड वर्षही." मी म्हटलं, "बाई, माझ्या पोरीकडे एवढा वेळ असेल का?" तिने छायाप्रत फायलीत लावली.

न्यायालयाच्या खोलीत माझी नवी साक्ष नोंदवायला वीस मिनिटं लागली. मागच्या बाकावर कोल्बी होता. टोपी मांडीवर, केस विंचरलेले. बाहेर आलो तर त्याने माझ्या गाडीचं दार धरलं. "सांभाळून, बाबा, पायरी उंच आहे." मग दार लावायच्या आधी वाकून म्हणाला, "जेबेझ म्हाताऱ्यालाही सोडलं नाहीत? आम्ही मग किस झाड की पत्ती."

हॉटेलात आता कुणी उठून उभं राहत नाही. काल बिस्किटं गार आली.

मग शेरीफकडे गेलो. हा बर्ल लहान असताना त्याची पहिली एअरगन मीच नीट करून दिली होती. तो म्हणाला, "हायरमकाका, त्याच्याजवळ पिस्तूल असणं गुन्हा नाही. कालपर्यंत होता, आज नाही, आणि ते कुणामुळे, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?"

"मला ठाऊक आहे कुणामुळे."

"तो तिच्याजवळ गेला तर मी त्याला उचलेन. कुणावर हात टाकला, धमकी दिली, तर त्या क्षणी उचलेन आणि मग तो लवकर सुटणार नाही. पण काहीतरी घडल्याशिवाय मला हात लावता येत नाही."

"म्हणजे तुला आधी काहीतरी घडायला हवंय."

"मला नको आहे, काका. कायद्याला हवंय."

आता जे लिहायला हात धजत नाही ते. ओफाला मी काल फोन करून सांगितलंय, तिने तुला सांगितलंच असेल, आणि तू या घडीला त्या पिवळ्या घरातून निघाली असशील असं मी देवाजवळ मागतोय. तरी माझ्या तोंडून ऐक.

काल कोल्बी दुकानात आला, पिस्तूल दुरुस्तीला घेऊन. चाप अडकतो म्हणाला. मी चिठ्ठी लिहीत होतो आणि तो भिंतीवरचं चित्र बघत होता.

"टेसीला कुत्रं आणलं वाटतं."

मी चिठ्ठीवर तारीख घातली.

"निळं कुत्रं!" तो हसला. त्याने कागदाचा कोपरा नखाने उचलला, फाडला नाही, नुसता उचलला, आणि मागे बघितलं. तुझी चार शब्दांची ओळ होती. आणि त्याच्या वर, रोवी, शाळेचं नाव छापलेलं होतं. गावासकट. मी ते पाचशे वेळा पाहिलं असेल आणि एकदाही वाचलं नाही. जुन्या कागदांची पाठ-पोट बघणारा मी, नातीच्या चित्राला मात्र नुसता आजोबाच राहिलो.

"तुमच्याकडे पत्रं येतात तर," तो म्हणाला. "छान. बरं, पिस्तूल गुरुवारपर्यंत होईल? पुढचा गुरुवार, अकरा. दुपारी बाराला येतो. मला ओहायोत काम निघालंय. वादळाने तारा पडल्यात."

मी म्हटलं, "होईल."

त्याने अर्धी चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवली. जाताना चित्र सरळ करून गेला.

बाबा


गुरुवार, ११ मे

रोवी,

सकाळचे दहा वाजलेत. तू निघालीस, टेसी तुझ्याबरोबर आहे, आणि कुठे आहात ते ओफालाही ठाऊक नाही, हे तिने काल फोनवर सांगितलं. हे पत्र ती ठेवून घेईल आणि तू फोन करशील तेव्हा वाचून दाखवेल. तिला म्हणावं, रडत रडत वाचू नकोस, पोरीला शब्द कळत नाहीत.

नव्या ठिकाणी पोचलीस की पहिल्या दिवशी आदेशाची प्रत तिथल्या पोलिसांना नेऊन दे. टेसीच्या नव्या शाळेतही दे. फोटो दे त्याचा. लाजू नकोस. मी सगळं आयुष्य घराची लाज झाकण्यात घालवलं, त्याचा काय उपयोग झाला तो आपण बघतोच आहोत.

आता मी काय केलं ते. दुकानातल्या लोकांच्या बंदुका मी सोमवारपासून एकेक करून परत केल्या. ज्यांना न्यायला येता आलं नाही त्यांच्या मी नेऊन पोचवल्या. काडतुसं बर्लच्या ताब्यात दिली. माझी स्वतःची रायफलही त्याच्याकडे आहे. तो म्हणाला, "काका, दुकान बंद करताय?" मी म्हटलं, "साफसफाई." या घडीला दुकानात डागता येईल असं एकही हत्यार नाही, हे मी दोनदा तपासलंय. तो येईल तेव्हा त्याच्या हाताला काही लागू नये, आणि माझ्याही.

पिस्तूल मी काल शिकंज्यात धरून करवतीने कापलं. चार तुकडे. नळी, पकड, मधला सांगाडा आणि घोडा. तिसऱ्या तुकड्याला मी करवत एकदा खाली ठेवली आणि परत उचलली, कारण दुसऱ्याची चीज मी कधी बिघडवलेली नाही. तुकडे काउंटरवर ताटलीत मांडून ठेवलेत. तो अर्धी चिठ्ठी सरकवेल, मी ताटली सरकवीन.

ते त्याचं होतं. न्यायालय तसं म्हणतं आणि मीही तसं म्हणण्यात हातभार लावला. तेव्हा जे मी केलं तो गुन्हा आहे, आणि त्याबद्दल त्याने माझ्यावर फिर्याद केली तर मी कबूल करीन.

पण तो फिर्याद करणार नाही. तुला ठाऊक आहे आणि मलाही, त्याचं हसू कुठे संपतं ते. दुसरं पिस्तूल तो दुपारपर्यंत विकत घेऊ शकतो, हे मला कळतं, मी काही दूधखुळा नाही. पण त्याआधी त्याला माझ्याशी हिशेब पुरा करायचा असेल. जे काही घडल्याशिवाय बर्लला हात लावता येत नाही, ते तुझ्या दारात घडायच्या आधी इथे घडू दे. बर्लला मी सांगितलंय की साडेबाराला दुकानात एक चक्कर टाक, कॉफी प्यायला. का ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो बाराच्या आतच आला असता, आणि मग कोल्बी टोपी काढून "नमस्कार" म्हणून निघून गेला असता, ओहायोच्या दिशेने.

तू रागावशील. तू माझी लेक आहेस, त्यामुळे आधी रागावशील आणि मग रडशील. मला त्याचं मोठेपण नको. मी त्या दिवशी तुझ्या कॉफीच्या कपासमोर उठून उभा राहिलो असतो तर आज हे काहीच लागलं नसतं. उशिरा उभा राहणारा माणूस फक्त उशिरा उभा राहिलेला असतो.

पुढे कधी तुला कुणी शपथेवर विचारलं, तर सगळं सांग. माझंही. एक पानही गाळू नकोस.

टपालवाला अकराला येतो. पत्र घडी करायला घेतलं होतं, तेवढ्यात खालच्या वळणावर डिझेल गाडीचा आवाज आला. अजून साडेदहा व्हायचेत. तो दीड तास आधी आलाय. तो आधी येईल हे मला सुचायला हवं होतं. बर्ल साडेबाराला येणार आहे.

दुकानापासून रस्त्यावरच्या टपालपेटीपर्यंत चाळीस पावलं आहेत. तो गाडी लावेल, उतरेल, टोपी नीट करेल. तेवढ्यात जाऊन पत्र टाकतो आणि पेटीचा लाल झेंडा वर करतो, म्हणजे टपालवाला थांबेल. हे तुझ्या कानावर पडलं, तर निदान पेटीपर्यंत मी पोचलो, एवढं समज.

बाबा